चोथा कशाला म्हणायचं?

१९७९ साली पोलंडमधल्या लुब्लिनच्या आमच्या प्रयोगशाळेत अन्नघटकांच्या नव्या पुस्तकाचं काम चाललं होतं. चोथ्याचा, म्हणजे अन्नातल्या न पचणाऱ्या भागाचा, रकाना फेलित्सियाबाईंकडे. मी शेजारच्या टेबलावर प्रथिनं मोजायचे.

जुनी रीत सोपी होती. पीठ आधी आम्लात उकळायचं, मग अल्कलीत. उरेल तो चोथा. त्या रीतीनं राय धान्याच्या काळ्या पावात शंभर ग्रॅमला जेमतेम एक ग्रॅम निघायचा. बाईंनी उकळण्याऐवजी पाचकरस वापरले, तर निघाला सहा.

"चोथा म्हणजे उकळून उरतो तो," आमचे प्रमुख कुलेशासाहेब म्हणाले. "व्याख्या ठरलेली आहे."

"तुमच्या पोटात अल्कली उकळते का, साहेब?"

"मग काय, माणसाच्या पोटात जाऊन बघणार?"

"बघते की!"

आणि त्यांनी इग्नात्सी बार्तोशाक शोधून काढले. ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेले. आजारपणात मोठं आतडं काढलेलं. लहान आतड्याला जे पचत नाही ते थेट पोटावरच्या पिशवीत पडायचं.

ते आधी भडकले. "बाई, ही पिशवी मी बायकोलासुद्धा दाखवत नाही!"

"मलाही दाखवू नका. तिच्यात उरलेला पाव तेवढा द्या."

म्हातारा खो खो हसला. दोन दिवस पावाशिवाय जेवला, दोन दिवस मोजून पाव खाल्ला आणि रोज झाकणाचा डबा आणून दिला. आकडा आला जवळपास सहाच.

पुस्तकाच्या समितीपुढे साहेबांनी तरी एक हाच आकडा वाचला. "एका आजारी माणसावरून व्याख्या बदलायची?"

बाईंनी सोबत आणलेले इग्नात्सी मागच्या खुर्चीतून उठले. "आजारी होतो, आता नाही. आतडं गेलंय, अक्कल शाबूत आहे."

मला हसू आवरेना. साहेबांनी सहीचा कागद बाईंपुढे सरकवला. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"बदली होईल, बाई."

"करा. माझ्या नावावर खोटा आकडा छापायचा नाही."

पुस्तक निघालं, एकच्या आकड्यानं, बाईंच्या नावाशिवाय. बाईंना दूध विभागात टाकलं. त्या आठवडाभर माझ्याशीही बोलल्या नाहीत. सहीच्या कागदावर माझंही नाव होतं, आणि मी सही केली होती.

पुढच्या सोमवारी इग्नात्सी आपल्यासारख्याच पिशवीवाल्या दोघांना घेऊन आले. तिघांच्या हातात डबे.

"दूध विभागात हे काय आणलंत?" पहारेकऱ्यानं अडवलं.

"दूध नाही एवढं नक्की. हो बाजूला!"

बाई एप्रनला हात पुसत खाली आल्या आणि त्यांनी दार सताड उघडलं. एक डबा मी उचलला.