एका अंगठ्याचा रिमोट

मी एक जुना रिमोट आहे, मित्रांनो. पण मला कुठल्या एका टीव्हीचा रिमोट म्हणू नका, फार राग येतो. टीव्ही, व्हीसीडी प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, तिघांनाही मी एकटा वठणीवर आणायचो. म्हणूनच माझ्या खोक्यावर 'युनिव्हर्सल' असं लिहिलेलं होतं. आज बटणांवरची अक्षरं पुसली आहेत, तरी त्या एका दुपारची आठवण झाली की अजून माझा जीव खालीवर होतो.

माझा जन्म कुठे झाला, कुणास ठाऊक. मला जाग आली ती २००२ साली, कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या जोतीरामच्या दुकानात. काचेच्या कपाटात शेजारी दोन भाऊबंद होते. एक बोट लावलं की उजळणारा, चकचकीत. दुसरा सडपातळ, अंगभर पन्नास-साठ बटणं असलेला. मी मात्र जाडजूड, काळा, मोजक्या मोठ्या रबरी बटणांचा. गिऱ्हाईक यायचं, मला उचलायचं, नाक मुरडायचं आणि परत ठेवायचं. सहा महिने मी हा अपमान गिळला.

एक दिवस सौंदर्याताई आली. ती गडहिंग्लजला दिलेली होती, पण तिचं माहेर शाहूपुरीत. तिचे वडील रुद्राप्पा, गुळाचे जुने व्यापारी. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. अप्पांना पडल्यापडल्या कंटाळा येऊ नये म्हणून तिच्या भावानं, शिवप्रसादनं, त्यांच्या खाटेसमोर मोठा टीव्ही, व्हीसीडी प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर आणून ठेवले होते. यंत्रं तीन, रिमोट तीन. डाव्या हातानं अप्पांना एकही जमेना.

जोतीरामनं चकचकीत भाऊ पुढे केला. "ताई, ह्यो घ्या की! अख्ख्या कोल्हापुरात कुणाकडं न्हाय."

"मला मिरवायचा न्हाय त्यो," ताई म्हणाली. तिनं उजवा हात पाठीमागे धरला, डोळे मिटले आणि डाव्या अंगठ्यानं एकेकाला चाचपून पाहिलं. चकचकीत भावाला चाचपून काहीच कळेना. सडपातळाची एका वेळी तीन बटणं दाबली गेली. मग माझी पाळी आली. तिचा अंगठा माझ्या मोठ्या लाल बटणावर बरोबर टेकला. "ह्योच द्या. अप्पांच्या एका अंगठ्यानं चालला पायजे, एवढंच बघायचंय."

"संध्याकाळपतोर न्हाय चालला तर परत आणा," जोतीराम म्हणाला. "उद्या घेणार न्हाय, आधीच सांगतो."

त्या घरात पाऊल टाकलं, तर केवढा तो आवाज! भिंतीवरच्या तसबिरी थरथरत होत्या. सकाळपासून सांजेपर्यंत तो असाच चालायचा. अप्पा मध्येच घशातून ओरडले की शिवप्रसाद मायेनं म्हणायचा, "ऐकू येईना व्हय अप्पा? थांबा." आणि आवाज आणखी वाढवायचा.

सौंदर्याताईनं माझ्याबरोबर आलेल्या पुस्तकात बघून मला तिन्ही यंत्रांचे सांकेतिक आकडे शिकवले; आता माझं लाल बटण दाबलं की तिन्ही एकदम चालू-बंद व्हायची. तिच्या हातात मी झकास चाललो. एवढ्यात गौराबाई, ताईची आई, पुढे आल्या. "नवी वस्तू हाय. आधी इभूत लावू दे, मग त्यांच्या हातात द्या." नव्या वस्तूला विभूती लावायची, ही त्या घरची रीत. त्यांनी ओल्या विभूतीचे तीन जाड पट्टे माझ्या कपाळावर ओढले. मित्रांनो, माझ्या कपाळावरच माझा डोळा असतो! त्यातून सुटणारा न दिसणारा किरण यंत्रांपर्यंत पोचतो. मी आंधळा झालो, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

अप्पांनी लाल बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. त्यांचा अंगठा पांढरा पडला. तरी काही नाही.

"रिमोटला काय झालं न्हाय, ताईच्या हातात चालला की," शिवप्रसाद म्हणाला. "अप्पांच्या बोटातच जोर न्हाय. ह्यो परत देऊन येतो आणि मोठा हेडफोन आणतो. कानाला लावला की सगळं नीट ऐकू येईल."

तो मला घ्यायला वाकला. अप्पांनी मला सोडलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आम्ही दोघं मुके एकमेकांकडे बघत होतो. एकाएकी त्यांची नजर त्या पट्ट्यांवर थांबली. त्यांनी मला छातीवर टेकवलं, अंगठ्यानं माझ्या डोळ्यावरची विभूती हळूहळू निपटून घेतली आणि ती स्वतःच्या कपाळाला लावली. मग लाल बटण दाबलं.

सगळं बंद झालं.

"लाइट गेली काय?" म्हणत शिवप्रसादनं पुन्हा सुरू केलं. अप्पांनी पुन्हा बंद केलं. "आरं तिच्या, चालतंय की!" तो आनंदानं ओरडला. "आता चॅनेल बदला, अप्पा!" त्यानं तिसऱ्यांदा सुरू केलं. अप्पांनी तिसऱ्यांदा बंद केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"शिवू, हात लावू नगंस," गौराबाई म्हणाल्या. "अवं, तुमास्नी ह्यो आवाजच नको हुता व्हय?"

अप्पांनी होकारार्थी मान हलवली. मग मला अंथरुणावर ठेवून दिलं आणि मोकळा झालेला डावा तळहात गौराबाईंसमोर उघडा धरला. लिंगायतांच्या त्या घरात गळ्यातलं इष्टलिंग, म्हणजे छोटंसं शिवलिंग, डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. दुखण्यात त्यांना ते जमणार नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. गौराबाईंनी अप्पांच्या गळ्यातली चांदीची डबी उघडली आणि लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. उजवा हात चालत नव्हता, म्हणून पाणी गौराबाईंनी घातलं, बेलाचं पानही त्यांनीच वाहिलं. दुखणं आल्यापासून सहा महिन्यांनी अप्पांची पूजा झाली. शिवप्रसाद उंबऱ्यात बसून लहान पोरासारखा रडत होता. त्या दिवसापासून रोज पूजेच्या वेळी अप्पा मला खाली ठेवायचे, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, आम्हा रिमोटांना जपा. कपाळ स्वच्छ ठेवा, वापरात नसलो तर पोटातले सेल काढून ठेवा. पण घरातल्या कुणाची वाचा गेली असेल, तर त्याला काय हवं ते ठरवण्याआधी घडीभर सगळं बंद करा आणि त्याच्या तोंडाकडे बघा.