आभार इंग्रजीत, भांडण लाट्वियनमध्ये

ब्रसेल्सच्या आमच्या सभागृहात प्रत्येक भाषेला काचेमागची एक खोली आहे. मी लाट्वियन खोलीतली दुभाषी. शेजारी डॅनिश खोलीत बोडिल. डॅनिश मंडळी बोलतात इंग्रजीत आणि ऐकतातही इंग्रजीत, म्हणून ती बिचारी माइक बंद करून स्वेटर विणते. आमच्या लोकांचंही तेच. मोडकंतोडकं का होईना, इंग्रजीच झाडणार! मला भारी राग येतो.

त्या दिवशी आमच्या लाट्वियातल्या रिगाच्या आखातात छोट्या होड्यांना मासेमारीची बंदी घालायची का, यावर मतदान होतं. होडीवाल्यांतर्फे स्काइद्रिते आली होती. बंदी आली तर तिच्या नवऱ्याची होडी कायमची वाळूवर पडणार होती. आमच्या मंत्रालयातल्या साहेबांनी तिच्या हातात इंग्रजी भाषण कोंबलं होतं. तिने ते पालथं ठेवलं आणि सरळ लाट्वियनमध्ये सुरुवात केली. भराभर सगळ्यांनी कानाला यंत्रं लावली.

अध्यक्ष प्रेबेन डेन्मार्कचे. ते इंग्रजीत म्हणाले, "बाई, वेळ कमी आहे. इंग्रजीत आटपा ना."

मी ते तिच्या कानात सांगितलं. ती फणकारली, "इंग्रजीत मला फक्त आभार मानता येतात, साहेब. मी भांडायला आलेय!"

तोच फणकारा मी इंग्रजीत उतरवला. भराभर सगळ्यांनी कानाला यंत्रं लावली. इंग्रजी ऐकणारे आधी हसले. मग माझ्या इंग्रजीवरून बाकीच्या खोल्यांनी आपापल्या भाषेत सांगितलं, तसं हसू बाकाबाकांवरून पुढे गेलं. पोर्तुगीज सगळ्यांच्या शेवटी हसले. मोबाइलमधली डोकी वर आली.

"मोठी जहाजं आखात खरवडून नेतात आणि बंदी आमच्या होड्यांना? चोर सोडून संन्याशाला फाशी! माझा नवरा जाळं भरलं की घरी येतो. तुमच्या जहाजांना घर आठवतं का कधी?"

हे इंग्रजीत सांगताना माझाही आवाज चढला होता. इंग्रजीवर माझा राग नाही हो. ती मधे नसती, तर हे भांडण पोर्तुगालपर्यंत पोचलंच नसतं.

हात वर झाले, मोजले गेले. प्रेबेन उठले, घसा खाकरला आणि चक्क डॅनिशमध्ये निकाल सांगू लागले! बोडिलच्या सुया खाली पडल्या. धडपडत तिने माइक लावला. तिचं इंग्रजी ऐकून मी लाट्वियनमध्ये सांगितलं, "बंदी फेटाळली आहे."

स्काइद्रिते ताठ उभी राहिली आणि अध्यक्षांकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "थँक यू!"

ते कुणालाच भाषांतर करून सांगावं लागलं नाही.