पुढचं वाक्य

"पुढच्या पाच वर्षांत आपली कंपनी..." म्हणून मोठे साहेब थांबले.

ते मुद्दाम थांबले होते. असं थांबायला ते फी भरून शिकले होते. पण कोपऱ्यात बसलेल्या आमच्या प्रॉम्प्टरला हे कोण सांगणार? त्याची उमेदीची सगळी वर्षं विंगेत गेलेली. नट अडला की पुढचं वाक्य हळूच सोडायचं, आणि टाळ्या पडल्या की पडद्याला आणखी चिकटून उभं राहायचं. नाटक कंपनी बसली, तेव्हा मेव्हण्याच्या ओळखीने तो या गाद्यांच्या कंपनीत मुलाखतीला आला.

"स्ट्रॅटेजीचा अनुभव?"

"पुढे काय होणार, ते मला सगळ्यांच्या आधी ठाऊक असायचं."

घेतलाच! मात्र उमेदवारीवर. ती मुदत आज संपत होती आणि एवढ्या दिवसांत एकाही मीटिंगमध्ये त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. बायकोने सकाळीच बजावलं होतं, "आज तरी तोंड उघडा. नाहीतर उद्यापासून घरी भाजी निवडा."

साहेब अजून थांबलेलेच. नटाचं इतकं थांबणं म्हणजे घात. जीभ आपोआप हलली.

"...गाद्याच विकणार आहे."

"गाद्याच विकणार आहे!" साहेब गरजले. कानात पडलेलं तोंडातून निघून गेलं. मागे स्क्रीनवर मात्र, ते जाहीर करणार होते तो फोनशी बोलणारा पलंग झळकत होता.

मग कारखान्याचे मॅनेजर "वाचलो बुवा!" म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली. टाळी ही जांभईसारखी असते. सगळ्या खोलीला लागली. आता साहेबांना वाक्य परत घेता येईना.

मीटिंग संपल्यावर त्यांनी विचारलं, "मघाशी मागून कोण बोललं?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. प्रॉम्प्टरने कधी कबूल व्हायचं नसतं, हा विंगेतला कायदा. गप्प बसावं तर मुदत संपतेय, बोलावं तर नोकरी जातेय. तो उठला.

"मी."

"कुठून उचललंत हे?"

"उचललं नाही. माझंच आहे."

घरी बायको दारातच उभी. "काय हो? ठेवलं की काढलं?"

"ठेवलं. साहेब म्हणाले, परत मी थांबलो तर मला थांबू द्या."

"आणि तोंड उघडलंत?"

"उघडलं. टाळ्या पडल्या."

"कुणाला?"

"साहेबांना."

"घ्या! म्हणजे जन्मभर होतं तेच!"

"पण वाक्य माझं होतं."

बायकोने आत जाऊन गॅस बंद केला. "म्हणा बघू."

तो स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला. कॉलरचं बटण लावलं, घसा खाकरला आणि हळूच म्हणाला, "आपली कंपनी गाद्याच विकणार आहे."

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.