झील धरणारे

धनीरामच्या घशात गाठ निघाली, तेव्हा कामिनीला बापाआधी त्याच्या गाण्यांची काळजी लागली. ऑपरेशननंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टर सांगेनात. आणि दंडारीची, म्हणजे गावच्या नाच-नाटकाची, सारी जुनी गाणी गावात त्याच्या एकट्याच्याच तोंडात.

साकोलीजवळच्या त्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते. तिथे उभं राहून कामिनीनं एकदा फोनवर गाणी भरून घेतली होती. पण बाप ओळ सोडे न सोडे, तोच मागे उभे झीलकरी तिचं शेपूट धरून ओढत नेत. त्यांतला सोमाजी सुराच्या जरा खालीच चाले. केशवराव गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून मधेच खोके. न उफणलेल्या धानासारखं ते रेकॉर्डिंग, दाणा थोडा नि भूस फार.

कामिनी नागपूरच्या प्रयोगशाळेत संशोधक. धुऊन निर्मळ करणं हाच तिचा उद्योग. पेशीभोवती चरबीचा, म्हणजे लिपिडांचा, पातळ पडदा असतो. त्यात रुतून बसलेलं, दारासारखं उघडमीट करणारं एक प्रथिन तिला हवं होतं. साबणासारख्या द्रवानं ती ते धूत राहिली. प्रथिन लख्ख निघे आणि मेल्यागत पडे. फार उशिरा कळलं, की ते लिपिडच त्याला चहूकडून रेटून उभं ठेवत होते; काही तर त्याच्या खाचांत शिरून झोपलेले. ते परत दिले नि दार हललं. या शोधाबद्दल तिला परिषदेत ढाल मिळाली.

त्याच आठवड्यात तिनं बापाला स्टुडिओत नेलं. एकट्याला.

काचेच्या खोलीत धनीरामनं पहिली ओळ सोडली, तळ्याच्या पाळीवर चांदणं सांडल्याची, आणि थांबला. मागून कोणी उचलली नाही. पुन्हा सोडली, पुन्हा थांबला. दुसरी ओळ आठवेना. जन्मभर ती झिलेच्या पाठीवर बसूनच आली होती. त्याचे खांदे पडले. मान सारखी मागे वळू लागली.

"कोणासंग गाऊ, माय?"

"तुमचाच आवाज पाहिजे मले, बाबा. बाकीचा कचराच आहे."

एसटीत बसल्यावर धनीरामनं ढालीवरून हात फिरवला आणि ही कायची म्हणून विचारलं. कामिनी खुलली. पडदा, चरबी, धुणं, सारं गावच्या बोलीत समजावून सांगितलं.

"मंग काय केलं तुनं?"

"मंग जे धुऊन काढलं होतं, तेच परत..."

ढाल तिनं पालथी करून पिशवीत घातली आणि सोमाजीला फोन लावला.

रेकॉर्डिंग अंगणात झालं. सोमाजीनं खालचा सूर धरला आणि त्यावर पाय देऊन धनीराम असा चढला, की गोठ्यातल्या म्हशीनंही रवंथ थांबवलं. स्टुडिओवाला म्हणाला, खोकला पुसून देतो. कामिनीनं पुसू दिला नाही.

आपल्याला परत कायले बोलावलं, हे सोमाजीनं तिच्याकडून नीट समजून घेतलं होतं. आता पानठेल्यावर तो ऐटीत सांगतो, "धनीराम गाते म्हनता? आमी त्याची चरबी आहो."

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी धनीरामला चरबी बंद केली, तेव्हा सोमाजी दोन दिवस कोणाशी बोलला नाही.