वाढताना वर बघायचं नाही

"थांब व नेहल, पुढे नको ढकलू! आते तो घास खाई."

जडावबाईच्या हातातला कापडाचा बोळा तव्यावरच्या खाखऱ्यावर तसाच दाबलेला राहिला. ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये एका पोराने परीक्षकापुढे वाडगा सरकवला होता. पांढऱ्या भुवयांच्या त्या म्हाताऱ्याने घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि पुढच्या क्षणी तो अख्खा माणूस ढगांत पोहायला लागला. खाली फुलांचं शेत, वर इंद्रधनुष्य. सून हसली. सासू हसली नाही. तिने म्हाताऱ्याचा चेहरा डोळे भरून बघून घेतला, आणि खाखरा जळाल्याचा वास आला तेव्हा कुठे बोळा उचलला.

कार्टून जपानी होतं, बोलायचं हिंदीत. डोंगरावर एक भलीमोठी शाळा, आणि तिथे शिकवायचे फक्त रांधायला. दोन पोरांचं वाजलं की दोघं शिव्या देत नसत, सरळ चुलीपाशी जाऊन उभी राहत. जो हरेल त्याने संध्याकाळच्या आत ट्रंक उचलून शाळा सोडायची. नेहलने खाखरे लाटता लाटता करमणूक म्हणून लावलं होतं, पण नाद लागला तो सासूला. मासे-अंडी दिसू लागली की जडावबाई डोळ्यांवर पदर ओढून घ्यायची आणि पदराआडूनच विचारायची, "व्हयनं का?" मासा शिजून ताटात गेला की पदर वर. घरातले बाकीचे मारवाडी बोलत. पण नेहल दोंडाईच्याच्या गल्लीत वाढलेली, तेव्हा सासू-सुनेचं हे असलं गुपचूप बोलणं अहिराणीतच चालायचं.

जडावबाईला त्या शाळेतलं रांधणं फारसं कळत नव्हतं. तिला बघायचे असत ते खाणाऱ्यांचे चेहरे. कारण तिने आयुष्यभर रांधलं होतं आणि असा चेहरा एकदाही बघितला नव्हता.

लग्न होऊन नंदुरबारला आली तेव्हाच नवऱ्याचं पोट बिघडलेलं होतं. मिरचीच्या बाजारात राहून ज्याला मिरची चालत नाही, असा तो एकटाच असेल. त्याला मऊ भात, मुगाचं पाणी, उकडलेला दुधी. मुलगाही तेच खात मोठा झाला. तो गेला आणि जडावबाई जैन समाजाच्या आयंबिलशाळेत रांधायला लागली. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल, तूप, दूध, गूळ, तिखट सगळं वर्ज्य करून. नुसतं उकडलेलं धान्य. कडक व्रताच्या लोकांना मीठसुद्धा चालत नाही, म्हणून मीठ वेगळ्या वाटीत ठेवायचं, ज्याला हवं त्याने घ्यावं. ते जेवण चवीने खायचंच नसतं. जिभेला गप्प बसवायचं असतं. पहिल्याच दिवशी तिथल्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीने तिला बजावलं होतं, वाढताना वर बघायचं नाही. खाणारा ओशाळतो. जडावबाई मान खाली घालून वाढत राहिली, केस पांढरे होईपर्यंत. पुण्याचं काम होतं, यात तिला कधीच शंका नव्हती. पण एका जपानी म्हाताऱ्याला ढगात पोहताना बघितलं आणि छातीत काहीतरी टोचलं ते टोचलंच.

म्हणून बाजारपेठेतल्या एका मंडळाने पाककलेची स्पर्धा जाहीर केली तेव्हा नेहलने थट्टेत विचारलं, "मम्मी, तुमनं नाव दी देऊ का?" आणि जडावबाई क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "दी दे."

बातमी दीपचंद शेठपर्यंत पोहोचायला कितीसा वेळ लागणार? दीपचंद म्हणजे जडावबाईचे जेठ, मिरचीचे अडते आणि आयंबिलशाळेचे ट्रस्टी. भावाच्या बायकोशी थेट बोलायची त्यांच्यात रीत नाही. ते उंबऱ्यात उभे राहिले आणि आत बसलेल्या जडावबाईला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, बाजारातल्या अहिराणीत नेहलशी बोलले.

"नेहल, तुन्ही सासूले सांग, लोके हासतीन. तिना हातनं खाईसन कोनी कधी 'वा' म्हनेल शे का?"

जडावबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. शब्द लागले होते. खरे होते म्हणून जास्तच लागले. तिनेही नेहलकडेच तोंड केलं.

"जेठजीस्ले सांग, कोनी म्हनेल नही म्हनीसनच मी जाई ऱ्हायनू."

शेठ चपला घालून निघून गेले. नेहलने सासूकडे पाहिलं आणि त्या दिवशी मोबाइलवर कार्टून लावलं नाही. दोघींनी मिळून डाळी निवडल्या.

स्पर्धा डिसेंबरात, दुपारी सुरू व्हायची होती. पण प्रमुख पाहुणे वेळेवर आले तर ते पाहुणे कसले? ते आले, मग हारतुरे झाले, मग भाषणं झाली. टेबलांवरच्या शेगड्या पेटायला ऊन मैदानाच्या पार टोकाला गेलं. सगळ्यांना एकच वाण दिला होता, नवापूरकडची तूरडाळ. तिचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

जडावबाईने ठरवलेलंच होतं. साधी डाळ. कांदा नाही, लसूण नाही. तुपाची फोडणी, हिंग, जिरं, नंदुरबारची वाळलेली लाल मिरची आणि शेवटी धडगावकडचं आमचूर. घरी चार वेळा करून बघितली होती आणि चारही वेळा भरदिवसा चाखली होती. आज मात्र कुकर चढला तेव्हा सूर्य टेकत आला होता, आणि जडावबाईचा चौविहार होता. सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही, उजाडेपर्यंत. नवरा गेल्यापासूनचं व्रत. एका ढाल-बक्षिसासाठी ते मोडायचा विचारही तिच्या मनात आला नाही. तिने बाटलीतलं पाणी पिऊन घेतलं, तोंड खळखळून धुतलं, हात जोडून व्रत घेतलं आणि शेगडीकडे वळली.

कुकर उघडला तेव्हा मैदानातले दिवे लागले होते. डाळ मऊ झाली होती. तिने ती पातेल्यात ओतून घोटली, पळी उचलली आणि तशीच उभी राहिली.

मीठ टाकलं होतं का?

आठवेना. हळद टाकल्याचं आठवत होतं, हिंगाची डबी उघडल्याचं आठवत होतं. मिठाच्या बरणीचं झाकण उघडं होतं. पण ते काय, आयंबिलशाळेतही उघडंच असायचं. मीठ वाटीत काढून बाजूला ठेवायचं ही हाताची सवय. हाताने आजही तसंच केलं असेल. नसेलही. आता पुन्हा टाकलं आणि आधीचं असलं तर डाळ खारट. नाही टाकलं तर जेठजी म्हणाले तेच खरं. चाखावं म्हटलं तर सूर्य बुडालेला. दोरीपलीकडे नेहल उभी होती, पण बाहेरच्यांना आत यायची मनाई होती.

शेजारच्या टेबलावर नवापूरच्या डोंगराकडची प्रिस्किला गावित होती. चाळिशीची, शेती आणि मजुरी करणारी, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस. ती तूरडाळीचे लसूण घातलेले फुणके पातेल्यात वाफवत होती. ओळख म्हणाल तर दुपारपासून एकाच सावलीत बसल्या होत्या एवढीच. जडावबाईला ती डोंगरावरची शाळा आठवली. तिथे प्रतिस्पर्ध्याला मीठ विचारलं असतं तर तो हाताची घडी घालून खदाखदा हसला असता.

तिने वाटीत थोडी डाळ काढली आणि पुढे केली.

"बाई, मन्हा चौविहार शे. माले आते तोंडमा काही घालता येत नही. मीठ टाकं का नही, याद येत नही. देखस का?"

प्रिस्किलाने वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. फुणक्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवून ती आली. बोटाने डाळ जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"काकी, मीठ बिलकुल नही."

खोटं सांगत असेल तर? विचार आला, नाही असं नाही. जडावबाईने तिच्या डोळ्यांत पाहिलं, बोटं मिठात घातली आणि चिमूट डाळीत सोडली. मग तूप तापवलं, जिरं, हिंग, मिरच्या. चरचर करत फोडणी डाळीवर पडली तसे शेजारच्या चार टेबलांवरच्या बाया वळून बघायला लागल्या. शेवटी आमचूर. आता हे बरोबर झालं का, हेही तिला कळायचं नव्हतं.

"आखो एकदाव देख व माय."

प्रिस्किलाने दुसऱ्यांदा वाटी घेतली. या वेळी बोट लावलं नाही, ओठांना लावून प्यायली. आणि तिचे डोळे मिटले. ढग आले नाहीत, फुलांचं शेत आलं नाही. भुवया जराशा वर गेल्या, कपाळावरच्या आठ्या सुटल्या, आणि ती बाई क्षणभर तिथे नव्हतीच. जडावबाई श्वास रोखून बघत राहिली.

"ओ देवा, मन्हा फुणका!" प्रिस्किला धावली. पातेल्यातलं पाणी आटून खालचे फुणके करपले होते.

परीक्षक आले. अर्धा चमचा, कागदाने ओठ टिपणं, आकडा लिहिणं, पुढचं टेबल. जडावबाईच्या डाळीपाशी एकाने एवढंच विचारलं, "कांदा नाही का?" पहिलं बक्षीस पनीर भरलेल्या डाळवड्यांना गेलं. तूरडाळीच्या स्पर्धेत पनीर कुठून आलं, ते परीक्षकच जाणोत. जडावबाईचं नाव कशातच नव्हतं, प्रिस्किलाचंही नव्हतं.

"मन्हामुये तुन्हं नुकसान व्हयनं," जडावबाई म्हणाली. तिला खरोखरच वाईट वाटत होतं.

"जाऊ द्या काकी. माले भूक लागेल शे."

दीपचंद शेठ गर्दीतून आले आणि जरा लांबच थांबले. त्यांचाही चौविहार होता. त्यांनी खाकरून नेहलकडे तोंड केलं आणि मैदानाच्या पार टोकाकडे हात केला.

"तुन्ही सासूले सांग, वास तठेपावत ई ऱ्हायना व्हता." आणि वळून चालू लागले.

डाळ घरी न्यायचा प्रश्न नव्हता. घरात रात्री कोणी खात नाही, आणि उद्या ती शिळी. जडावबाईने टेबलामागे सतरंजीच्या तुकड्यावर प्रिस्किलाला बसवलं, तिच्याच शिदोरीतल्या भाकरी तिच्यापुढे ठेवल्या आणि परीक्षकांनी चाखून उरलेली वाटीभर डाळ वाढली. वाढली आणि सवयीने मान खाली गेली.

मग तिने मान वर केली. समोरच मांडी घालून बसली आणि सरळ प्रिस्किलाच्या तोंडाकडे बघत राहिली. प्रिस्किला भाकरी कुस्करून खात होती, मिरचीने डोळ्यांत पाणी आलं तरी थांबत नव्हती, मधेच नाक ओढत होती. नेहल म्हणाली, "मम्मी, चला, मंडपवाला सतरंज्या गोया करी ऱ्हायना." जडावबाईने नुसता हात वर केला, थांब म्हणून.

वाटी निपटून प्रिस्किलाने बोट चाटलं आणि वर पाहिलं.

"काकी, आजून शे का?"

इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. जडावबाईने पातेलं ओढून तिरपं केलं, पळीने चारी बाजू खरवडल्या.

"नही व," ती म्हणाली, आणि रिकामं पातेलं मांडीवर घेऊन बसून राहिली.