बेल झाली

तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी आलं नाही. शिपायाने व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं, जिन्याखाली डोकावून घेतलं आणि आत येऊन सांगितलं, "कोणी नाही, साहेब."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. आरोपी एका उंच इमारतीतला लिफ्टवाला होता. लिफ्ट कोसळली, आतला माणूस गेला आणि मालकाने सरळ याच्याकडे बोट दाखवलं. वय बासष्ट, त्यात छातीचं दुखणं. न्यायाधीश जामीन द्यायला तयार होते. बायकोने जामीनदार म्हणून समोर उभं राहून सही करायची, एवढंच उरलं होतं. वकील बाहेर जाऊन दोनदा शोधून आला. तिच्याकडे फोनही नव्हता.

"नवऱ्याची एवढी काळजी असती तर थांबली असती," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढची तारीख लिहिली. दुसऱ्या दिवसापासून कोर्टाला महिन्याची सुट्टी होती, म्हणजे तारीख त्यानंतरची.

शिपायालाही बाईचा रागच आला. सकाळपासून बाकावर ठाण मांडून बसली होती आणि ऐन वेळी पसार!

कोर्टाला सुट्टी असली तरी कचेरी चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ती उघडायला आला, तर ती त्याच बाकावर. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत इस्त्री केलेला पुरुषाचा शर्ट.

"दादा, काल बेल झाली ना? मग यांना सोडलं का नाही? मी तुरुंगाच्या फाटकाशी अंधार पडेपर्यंत उभी होते."

"बेल झाली? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"असं काय करता? तुम्हीच नाही का सांगितलंत?"

शिपायाला कालची दुपार आठवली. त्यानेच सांगितलं होतं. काल एक वाजता त्याने नेहमीसारखं भिंतीवरचं लाल बटण दाबलं, जेवणाची सुट्टी झाली, सगळे उठले. ही तेव्हा अंगणातल्या नळावर पाणी प्यायला गेली होती. परत आली तेव्हा तो दाराला कडी घालत होता.

"बेल झाली, ताई. आता इथे बसून काय करणार? घरी जा, दोन घास खा."

"झाली? खरंच? कोणी दिली?"

"मीच दिली की! एकतीस वर्षं मीच देतोय, दुसरं कोण देणार?"

म्हातारा आनंदाच्या भरात थट्टा करतोय असं तिला वाटलं असणार. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. जेवणाच्या सुट्टीचं एवढं काय कौतुक, म्हणून तो मनात हसलाही होता. तिच्या वकिलाच्या डोक्यावर एक केस नव्हता आणि हातात मात्र शंभर. त्याने घाईघाईत तिला एकच वाक्य शिकवून ठेवलं होतं, "बेल झाली की नवरा घरी." जामीन म्हटलं असतं तर काय जीभ झिजली असती? पण शिपाई तरी कुठे सुट्टी म्हणाला होता?

"चौकशी करतो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. खरं सांगायला जीभ रेटेना.

त्या दुपारी तो अर्धी रजा टाकून वकिलाकडे गेला आणि त्याने सगळं कबूल केलं. वकिलाने डोक्यावरून हात फिरवला. "अहो, चूक तुमची असो नाहीतर माझी, सुट्टीत ऐकायला कोण बसलंय? अर्ज टाकतो. बघू." शिपाई चार वेळा विचारायला गेला. चारही वेळा तेच उत्तर मिळालं, "बघू." तिला मात्र दोघांपैकी कोणीच काही सांगितलं नाही.

सतराव्या दिवशी कारकून फायलीतून मान वर न करता म्हणाला, "तो तुमचा लिफ्टवाला सुटला हो."

"सुटला?" शिपायाचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. "बरं झालं बाबा! बायको न्यायला गेली होती का?"

कारकुनाने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "शुद्धीवर आहात ना? मेला तो. काल सकाळी, तुरुंगाच्या दवाखान्यात."

सुट्टी संपल्यावर ती आली. जामिनासाठी दिलेली घराची कागदपत्रं परत न्यायची होती. कागद हातात घेऊन ती बाकावर टेकली, तेव्हा शिपायाने तिला पाणी आणून दिलं आणि तिच्या शेजारी उभा राहिला. आज सांगायचंच, असं तो घरातून ठरवून निघाला होता. रात्री बायकोलाही तसं सांगून झालं होतं.

"ताई, मला जरा बोलायचंय."

"आधी माझं ऐका, दादा. त्या दिवशी तुम्ही बेल झाली म्हणालात आणि मी धावत घरी गेले. यांच्या गादीला ऊन दाखवलं, शर्टाला इस्त्री केली. शेजारीण म्हणाली, आज गाणं गुणगुणतेयस! नंतर वरच्या लोकांचं मन फिरलं असेल, त्याला तुम्ही काय करणार? पण तुमच्यामुळे एक दुपार सुखात गेली. यांना पकडल्यापासून तेवढी एकच."

शिपायाने ओठ उघडले.

तेवढ्यात आतून कारकून ओरडला, "अहो, एक वाजून गेला! बेल देताय की नाही? पोटात कावळे ओरडतायत!"

पेला तोंडाशी नेणारा तिचा हात थांबला. तिने दारातून आत पाहिलं. भिंतीवरचं लाल बटण पाहिलं. मग शिपायाकडे पाहिलं, आणि त्याने मान खाली घातली. ती काय ते समजली.

तिने पेला बाकावर ठेवून पदराने तोंड पुसलं आणि कागद पिशवीत घातले. शर्ट अजून पिशवीतच होता. कागदांनी चुरगळू नये म्हणून तिने तो वर काढून ठेवला.

"जा, दादा," ती म्हणाली. "बेल द्या. लोक उपाशी आहेत."

तो आत गेला आणि त्याने बटण दाबलं.