मुलींसाठी सामान्य गणित

दिवाळीची सुट्टी संपली की अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, परीक्षेचे फॉर्म भरायचे, हा त्या शाळेचा रिवाज. कोल्हारहून तीन मैल आत, कच्च्या रस्त्यावरची शाळा. हेडमास्तर मुलांचे फॉर्म एकेकाला समोर बसवून भरत. कोणाला बीजगणित-भूमिती झेपेल, कोणाला नाही, यावर अर्धा अर्धा तास खल चाले. मुलींसाठी एवढा वेळ कोण घालवणार? वर्गात मुली सहा. सहाही जणींच्या फॉर्मवर 'सामान्य गणित' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. शेकडेवारीचं सोपं गणित, पोरी हमखास पास होतात, शाळेचा निकालही चांगला लागतो, आणि पुढे जाऊन त्यांना भाकऱ्याच ना थापायच्या! असा नियम कुठल्याही कागदावर नव्हता. पण कागदावर नसलेले नियमच माणसं जास्त निष्ठेनं पाळतात.

त्या वर्षी, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात, एका फॉर्मवरची ती ओळ मात्र कोरी राहिली होती. तो फॉर्म बनूचा. गणित शिकवणाऱ्या मनकर्णाबाईंनी हेडमास्तरांशी भांडून ती कोरी ठेवून घेतली होती.

"तुमची विद्यार्थिनी, तुम्हीच लिहा," हेडमास्तर फॉर्म पुढे सरकवत म्हणाले होते. "नापास झाली तर माझ्याकडे रडत येऊ नका."

बनू डोंगराकडच्या वाडीवरची, रंभाजीची थोरली. नववीत असताना बाई फळ्यावर एक प्रमेय सोडवत होत्या, तर ही मागून म्हणाली, "बाई, ह्यो त्रिकोन उलटा धरला तर दोन पायऱ्या वाचत्यात." वर्ग हसला. बाईंनी घरी जाऊन तीनदा करून पाहिलं. खरंच वाचत होत्या. बाई गणिताच्या पदवीधर, त्या पंचक्रोशीत गणित शिकवणारी पहिलीच बाई, आणि त्यांना ते कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बनूला शब्द दिला, तुला नगरच्या कॉलेजात सायन्सला घालीन. त्या शब्दाला एकच अट होती. बीजगणित-भूमिती घेऊन पास झाल्याशिवाय सायन्सचं दार कोणी उघडत नव्हतं.

पण दसऱ्यापासून बनूचा शाळेत पत्ताच नव्हता. तिची आई लंकाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. घर, दोन जनावरं आणि दीड मैलावरचं पाणी पोरीच्या गळ्यात पडलं होतं. दोन महिने असे गेले. मग एके दिवशी रंभाजी स्वतःच शाळेत आला. माणूस वाईट नव्हता. वाडीवर मुलगी अकरावीपर्यंत शिकवणारा तो एकटाच.

"बाई, पोरगी उद्यापास्नं साळंत धाडतो," तो म्हणाला. "पन येकच डाव. पास झाली तर म्होरलं बघू. नापास झाली तर साळा बंद, मंग मला बोल लावू नगा. बेलापूरचं एक स्थळ सांगून आलंय. त्यास्नी मॅट्रिक पास पोरगी पायजे."

"होईल ती पास."

"खातरीनं?"

"खात्रीनं," बाई म्हणाल्या. पण ती खात्री त्यांची त्यांनाच नव्हती.

कारण बाई स्वतः एकदा नापास झाल्या होत्या. त्याच परीक्षेत, त्याच विषयात, चार गुणांनी. वडिलांनी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. दोन वर्षं बाईंनी घरात धुणीभांडी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडून "पोरींना कशाला ते बीजगणित" हे ऐकून घेतलं. पुण्याला नोकरी करणारा मामा आला नसता तर त्या आज कुठे असत्या कोण जाणे. बनूला असा मामा नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाई मात्र दुसरीच्या वाट्याचं ताक फुंकायला बसल्या.

दोन महिने बुडालेत, अर्धी भूमिती राहिलीय, आई दिवसभर खडीवर, घर पोरीच्या डोक्यावर आहे. आधी पास तर होऊ दे, पोरगी हातची जायला नको. असा सगळा विचार करून त्यांनी त्या कोऱ्या ओळीवर, आपल्या वळणदार अक्षरात, 'सामान्य गणित' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बनूनं विचारलंच. "बाई, माज्या फारमावर काय लिवलंय?"

"सामान्य गणित." बाईंनी हजेरीपटातून मान वर केली नाही. "मुलींना तेच घ्यावं लागतं. नियमच आहे तसा."

हे खोटं होतं. पण "मला तुझी खात्री नाही" असं पोरीच्या तोंडावर सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. बनू म्हणाली, "नियमच आसंल तर तुमी तरी काय करनार?" उलट बाईंचीच समजूत काढून ती जागेवर जाऊन बसली. आणि बीजगणिताच्या तासाला मुलांबरोबर बसायचं मात्र तिनं सोडलं नाही. तिचा पेपर वेगळा आहे, हे जणू तिच्या वहीला कोणी कळवलंच नव्हतं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. बीजगणित-भूमितीच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बनू बाईंच्या खोलीवर आली. वर्गातल्या एका मुलाकडून तिनं प्रश्नपत्रिका मागून घेतली होती आणि शेजाऱ्याचं घड्याळ समोर ठेवून, तीन तासांत, सगळी सोडवली होती.

"उगी आपली हौस," ती लाजून म्हणाली. "तपासता का?"

बाई लाल पेन्सिल घेऊन बसल्या. पहिली चार उत्तरं बरोबर. पाचवं बरोबर. शेवटी एक प्रश्न होता. दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात, त्यांची सामाईक जीवा वाढवली तर ती सामाईक स्पर्शिकेचे दोन सारखे भाग करते, हे सिद्ध करा. वर्गातल्या एकाही मुलाला तो सुटला नव्हता. बनूनं चार ओळींत सोडवला होता आणि खाली नीट रेघ मारली होती. बाईंनी बेरीज केली. शंभरात ब्याण्णव. चुकलं असेल म्हणून परत केली. तेवढेच.

"किती पडले?" बनूनं विचारलं.

"बरं सोडवलंयस," बाई म्हणाल्या आणि कागद ठेवून घेतले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पोरीला मारावं आणि मग कळावं की तिची चूकच नव्हती, तसं त्यांना झालं होतं.

जूनमध्ये निकाल लागला. बनू शाळेत पहिली. सामान्य गणितात सत्त्याण्णव. हेडमास्तरांनी पेढे वाटले आणि बाईंना म्हणाले, "बघा, माझं ऐकून सामान्य गणित लिहिलंत म्हणून झालं!" बाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. त्याच आठवड्यात त्या नगरला जाऊन आल्या. कॉलेजातल्या कारकुनानं गुणपत्रिका पाहिली, सत्त्याण्णवचं कौतुकही केलं, आणि सायन्सचा अर्ज काही दिला नाही. एक वाट उरली होती. ऑक्टोबरमध्ये बीजगणित-भूमिती तेवढा एक विषय द्यायचा आणि पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा. म्हणजे रंभाजीनं लग्न वर्षभर थांबवायला हवं. आणि त्याला ते सांगायचं म्हणजे आधी दुसरंही सांगायला हवं. तीन रात्री तळमळून बाई वाडीवर गेल्या.

घरात निराळंच चाललं होतं. नगरला जायचंच म्हणून बनूनं दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. लंकाबाई रडून थकली होती. रंभाजीचाही आवाज उतरला होता. आणखी एखाद्या दिवसानं तो वाकला असता, हे बाईंना बसताबसताच दिसलं. त्यांना धीर आला.

त्यांनी ऑक्टोबरच्या परीक्षेचं सांगितलं. रंभाजी ऐकत होता.

"पास झालीया न्हवं? मंग परत परीक्षा कशाला?" तो म्हणाला.

बनू दाराशी उभी होती. "बाई, पोरींना त्यो इषय घेता येत न्हाई ना?"

बाई तिच्याकडे वळल्या.

"येतो," बाई म्हणाल्या. "तेव्हाही येत होता. तसा नियम नव्हता. फॉर्म माझ्या हातात होता, मीच सामान्य गणित लिहिलं."

"का?"

बाईंनी खूप शब्द जुळवून आणले होते. बुडालेले दोन महिने, बेलापूरचं स्थळ, चार गुण. ते सगळे होते आणि खरेही होते, पण त्या पोरीच्या तोंडाकडे पाहताना एकही पुढे येईना.

"तुमास्नी वाटलं, मी नापास हुईन?"

"हो," बाई म्हणाल्या. मग घाईघाईनं, "पण चुकलं माझं, बनू. तो पेपर मी तपासला ना, ब्याण्णव पडलेत तुला, ब्याण्णव! तू सहज..."

रंभाजीनं हात वर करून त्यांना थांबवलं. त्याला राग आला नव्हता, तेच अवघड होतं.

"बाई, तुमी गनिताच्या मास्तरीन," तो सावकाश म्हणाला. "तीन वर्सं तुमी तिला शिकिवलं. तुमालाच तिची खातरी न्हवती, तर म्या आडान्यानं कुनाच्या जिवावर पोरगी येकटी नगरला धाडायची?"

बाईंनी बनूकडे पाहिलं. ती भांडेल, रडेल, निदान आपल्याला चार शब्द सुनावेल, अशी त्यांना आशा होती. दोन दिवस उपाशी राहून बापाशी भांडणारी पोर. पण ती आत गेली, एका ताटलीत भाकरी घेऊन बाहेर आली आणि भिंतीला टेकून बसली.

"दादा," पहिला घास मोडत ती बापाला म्हणाली, "बेलापूरच्या लोकास्नी व्हय म्हनून कळवा."